तळण घरचं, तेल कढईतच : एका आचाऱ्याचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. आखाड लागलाय, सासूबाई कराडहून येणारेत, कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळायच्यात, पण मागच्या खेपेला भजी करताना तेल उडून मनगटावर फोड आले, टाइल्स, ओटा, गॅस सगळं चिकट झालं, घरात दोन वर्षांचं पोरगं फिरतंय आणि फ्लॅटमधलं स्वयंपाकघर एवढंसं, त्यामुळं आता कढई बघितली तरी नको वाटतं. मग एअर फ्रायर घ्यावा का सरळ बाहेरनं आणावं, आणि तळून उरलेल्या तेलाचं करायचं काय, असं विचारलंय तुम्ही. मी सातारा, वाई, कोरेगाव या पट्ट्यात लग्नाची, वास्तुशांतीची, जत्रेची जेवणं करतो, पुऱ्यांचं तळण म्हणजे आमचं नेहमीचं काम, आणि घरी पण आखाड-दिवाळीला कढईसमोर मीच असतो कारण बायको म्हणते तुमचा धंदाच आहे तो. तर जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की तेल आपणहून कधीच उडत नाही. नुसतं कोरडं तेल कोरड्या कढईत तापत ठेवा, एक थेंब बाहेर येणार नाही. उडतं ते तेलात गेलेलं पाणी, आणि ते जाताना तेलाला सोबत घेऊन जातं. पाणी उकळतं १०० डिग्रीला आणि आपलं तळणाचं तेल असतं १६० ते १९० डिग्रीला. पाण्याचा थेंब तेलापेक्षा जड, तो खाली जातो, तिथं एका क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण सोळाशे-सतराशे पट जागा लागते. आता एवढी वाफ तेलाच्या पोटातनं वर येणार म्हटल्यावर काय होणार ते तुम्ही मनगटावर बघितलंयच. पदार्थातली ओल हळूहळू वाफ होऊन बाहेर पडते तेव्हा आपल्याला नुसते बुडबुडे दिसतात, तेच तर तळणं, त्याला घाबरायचं काही नाही. घाबरायचं ते सुट्ट्या पाण्याला, आणि बंद जागेत अडकलेल्या वाफेला. मी आमच्या पोरांना कामावर ठेवताना हेच पहिलं शिकवतो, पीठ कसं मळायचं ते नंतर.

आणि आखाडात ही सुट्टी ओल जास्त असते हे कुणी लक्षातच घेत नाही. यवतेश्वराच्या बाजूनं पाऊस लागला की साताऱ्यात आठ आठ दिवस भांडी नीट वाळत नाहीत. कढई धुऊन पालथी घातली, तासाभरानं उचलली तरी कडेच्या दुमडीत पाणी असतं. झाऱ्याच्या भोकांत असतं, दांड्याच्या जोडात असतं. म्हणून तळणाच्या दिवशी कढई धुऊन आधी फडक्यानं कोरडी करायची, मग रिकामीच गॅसवर बारीक आचेवर अर्धा-एक मिनिट ठेवायची, ओल उडून गेली की मग तेल ओतायचं. झारा आणि चिमटा पुसून कोरड्या ताटात ठेवायचे, सिंकमधनं उचललेला झारा सरळ तेलात घालायचा नाही. तुम्ही भजी करताना बहुतेक हेच झालं असणार, किंवा मग पिठाचा हात पाण्यात बुचकळून तसाच कढईवर नेला असणार. बऱ्याच बायका पाण्याचं भांडं गॅसशेजारीच ठेवतात, वडे थापायला हात ओला करायला. ठेवा, पण कढईपासनं दोन हात लांब, आणि मधे एक कोरडं फडकं असू दे, हात ओला केला की फडक्याला टेकवूनच पुढं.

अजून एक खोड सांगतो, तेल तापलं का बघायला पाण्याचे शिंतोडे मारायचे. कुणी लावली ही सवय माहीत नाही पण घरोघरी आहे. बंद करा. त्यापेक्षा पिठाची मुगाएवढी गोळी टाका. खाली जाऊन तशीच बसली तर तेल गार आहे. खाली टेकून बुडबुडे सोडत सावकाश वर आली तर १५०-१६० च्या आसपास आहे, शंकरपाळी, कापण्या, करंजी याला हे चालतं. टाकल्या टाकल्या वर आली पण लगेच लाल झाली नाही तर भजी-वड्याचं तेल, १७०-१८०. आणि वर येता येताच लाल व्हायला लागली तर पुरी-पापडाचं, १९० च्या घरात. ही सगळी अंदाजाची मापं आहेत, मला हात बसलाय म्हणून जमतं, तुम्हाला खात्री हवी असेल तर तळणाचा थर्मामीटर मिळतो, ३०० डिग्रीपर्यंत दाखवणारा घ्या. तापाचा घालू नका, असं विचारणारे पण भेटलेत म्हणून सांगतो.

आता कढई. घरच्या तळणात सगळ्यात जास्त गोंधळ कढईमुळं होतो असं माझं मत आहे. लोक लहान कढई घेतात कारण तेल कमी लागतं, आणि मग ती काठोकाठ भरतात. तेल कढईच्या अर्ध्याच्या वर कधीच नको, नवशिक्यानं तर एक तृतीयांशच घ्यावं. ओला पदार्थ टाकला की फेस येऊन तेल वर चढतं, आणि काठावरनं उतरलं की खाली बर्नर पेटलेलाच असतो. बटाट्याचा किस किंवा सळ्या टाकताना हे हमखास होतं, कारण त्यात पाणी मरणाचं. म्हणून मोठी, खोल, जड बुडाची कढई घ्या आणि त्यात थोडं तेल घ्या. उंच काठाचा फायदा असा की उडालेलं तेल काठाला लागून परत आतच पडतं, तुमची निम्मी साफसफाई तिथंच वाचते. जाड बुडाचं खोल पातेलं असलं तरी चालतं, भज्यांना तर मी घरी पातेलंच घेतो. लोखंडी कढई उष्णता धरून ठेवते म्हणून माल टाकला तरी तेल एकदम गार होत नाही, पातळ ॲल्युमिनियमची पटकन तापते आणि पटकन गार होते, सांभाळायला अवघड. गोल बुडाची कढई गॅसच्या स्टँडवर डुगडुगते, तिला खाली रिंग मिळते ती घ्या, आणि कान सैल झालेली कढई आजच्या आज भंगारात. दांड्याची कढई असेल तर दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं वळवून, तुमच्याकडं लहान पोर आहे. आच कढईच्या बुडाखालीच राहिली पाहिजे, बाजूनं वर येता कामा नये.

माल टाकायचा कसा, तर वरनं नाही. लोक तेलाला घाबरून लांबनं टाकतात आणि त्यामुळंच जास्त उडतं, हे उलटं गणित आहे. हात तेलाच्या जवळ न्यायचा, काठाशी, आणि पुरी काठावरनं आत सरकवायची, आपल्यापासनं लांब अशी, म्हणजे तिची पुढची कड समोर पडेल. भज्याचं पीठ बोटांच्या टोकाला आणून तेलाच्या अगदी वर आणून सोडायचं. चकली सोऱ्यातनं थेट तेलात पाडणारे बघितलेत मी, वाफ सगळी हातावर येते. कागदावर किंवा ताटात पाडून झाऱ्यावर घेऊन सोडा. शेवेला मात्र थेटच पाडावी लागते, तिथं तेल आणखी कमी घ्या, सोऱ्या फिरवायचा पितळी असला तर बरा, पाडेपर्यंत आच बारीक आणि हात काढून घेतल्यावर मोठी.

एका घाण्यात किती टाकायचं? कढईतलं तेल दिसलं पाहिजे. निम्मा पृष्ठभाग मोकळा ठेवा. जास्त टाकलं की तेल गार होतं, माल तेल पितो, मऊ पडतो, मग आपण आच वाढवतो, तो घाणा निघाला की तेल एकदम भडकतं, पुढचा घाणा करपतो. ही घाई सगळ्या घरांत असते. दोन घाण्यांच्या मधे चुरा झाऱ्यानं काढून टाकायचा, आच मध्यमवर आणायची, अर्धा मिनिट थांबायचं.

आता एकेक पदार्थ घेतो कारण प्रत्येकाचा धोका वेगळा आहे. पुरीचं पीठ घट्ट आणि लाटताना सुकं पीठ लावायचं नाही, पोळपाटाला तेलाचं बोट. सुकं पीठ तेलात जळून तळाशी बसतं, तेल काळं होतं, धूर लवकर येतो. मिरचीची भजी, यात लोक फसतात. अख्खी मिरची पिठात बुडवून टाकली की आतली हवा आणि ओल कोंडते आणि ती फटकन फुटते. मिरचीला उभी चीर द्या, पुसून घ्या, मग पीठ. कांदाभजीला कांद्याला मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, जे पाणी सुटतं त्यातच बेसन कालवा, वरनं पाणी घालूच नका, चव पण चांगली आणि उडणं पण कमी. बटाटेवड्याचं सारण गार झालेलं पाहिजे, गरम सारणाची वाफ पिठाच्या आवरणाला आतनं ओलं करते, मग तडे जातात आणि बटाटा तेलात येतो. फ्रीजरमधली पाकिटं आणत असाल तर चिकटलेला बर्फ आधी झटकून टाका, आणि मूठ मूठच सोडा.

साबुदाणा वड्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तळताना फुटून तोंडावर तेल आलं अशी गोष्ट निघाली की बहुतेक वेळा पदार्थ हाच असतो, आणि आता आषाढी एकादशी पण आलीच. साबुदाण्यात पाणी राहिलेलं असतं, वडा जाड वळलेला असतो, तेल कडक असतं, त्यामुळं वरचं कवच एका झटक्यात बंद होतं आणि आत वाफ साठत राहते. कवच टिकतं तोपर्यंत टिकतं, मग एकदम फुटतं. म्हणून साबुदाणा भिजला की चाळणीत निथळू द्या, बोटानं दाबला तर मोडला पाहिजे पण पाणी दिसता नये. दाण्याचं कूट कोरडं आणि बऱ्यापैकी, वडा चपटा, मधे बोटानं दाबून थोडा खोलगट. तेल मध्यम. आधी एकच सोडून बघा, हातभर मागं उभं राहून, तो फुटला तर बाकीच्यात कूट वाढवा. भीती जातच नसेल तर आप्पेपात्रात करा, खरंच चांगले होतात, उगाच कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

दुसरा छुपा गडी म्हणजे कढीपत्ता. चिवडा करा नाहीतर तिकडं सांगलीचं भडंग करा, कढीपत्ता आणि लसूण तेलात पडला की पाऊस सुरू होतो. कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन कापडावर पसरून सुकवायचा, पावसात वाळत नसेल तर पंख्याखाली. लसूण ठेचला की पाणी सोडतो, म्हणून भडंगाला काप करून घालतात ते बरं. तेल कोमट असतानाच लसूण घालून बारीक आचेवर वाढवत न्या, उडत नाही आणि करपत पण नाही. कढीपत्ता टाकताना जाळीचं झाकण हातात तयार पाहिजे.

जाळी म्हणजे तेल अडवायची बारीक जाळीचं झाकण मिळतं बाजारात, घ्याच. नसेल तर पिठाची स्टीलची चाळण पालथी घालून चालवता येतं, फक्त तिची कड प्लास्टिकची नको, वितळेल. घट्ट झाकण मात्र तळताना ठेवायचं नाही, आतल्या बाजूला वाफेचं पाणी जमतं आणि झाकण उचललं की सगळं तेलात.

पण घट्ट झाकणाचं एक काम आहे आणि ते फार मोठं आहे. तळायला बसायच्या आधी कढईपेक्षा मोठं स्टीलचं ताट किंवा सपाट झाकण, कोरडं, ओट्यावर हाताशी ठेवायचं. हे आगीसाठी. रिफाइंड तेल साधारण सव्वादोनशे डिग्रीच्या पुढं धूर सोडायला लागतं, आणि साडेतीनशेच्या आसपास गेलं की ज्वाळा लागायची पण गरज नाही, आपोआप पेटू शकतं. म्हणजे धूर दिसला की तो इशारा समजायचा, तिथंच गॅस बंद. गॅस बंद करून कढई जागेवरच ठेवायची, हलवायची नाही. फोन वाजला, कुरिअरवाला आला, पोरगं रडलं, तर आधी बटण बंद, मग बाकीचं. तळण गॅसवर ठेवून दोन मिनिटांसाठी बाहेर जाणं हेच आगीचं नेहमीचं कारण आहे.

आणि समजा पेटलीच. पाणी नाही. परत लिहितो, पाणी अजिबात नाही. वर सांगितलं ना वाफेचं, तेच पेटलेल्या तेलात झालं तर जळतं तेल छतापर्यंत उडतं. हात पोचत असेल तर बटण बंद करा, ते ताट आपल्या बाजूनं पुढं सरकवत कढईवर झाका, हवा तुटली की आग विझते. मग उघडून बघायचं नाही, तेल पूर्ण गार होईपर्यंत झाकण तसंच, नाहीतर हवा मिळाली की परत पेटतं. पेटलेली कढई उचलून बाल्कनीत किंवा मोरीत न्यायची नाही, माणसं भाजतात ती बहुतेक अशीच. आग अगदी बारीक असेल तर खायचा सोडा भरपूर टाकून विझते, पण बेसन, मैदा, कणीक टाकू नका, पीठच पेट घेतं. झाकायला जमलं नाही तर पोराला घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन. गॅसचा वास येत असेल तर १९०६ हा गॅस गळतीचा नंबर आहे, मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा. शेगडीची नळी पण बघून घ्या, ती नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, बऱ्याच घरांत लग्नात मिळालेल्या शेगडीबरोबरचीच असते.

कपड्यांचं थोडक्यात, नायलॉनचा गाऊन नको, सुती कपडे, ओढणी-पदर खोचलेला, पायात बंद चप्पल. पोरासाठी स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी लावा किंवा घरातलं कुणीतरी त्याला बाहेर धरून बसू दे, कडेवर घेऊन तळायचं नाही. तेल गार होईपर्यंत कढई मागच्या बाजूला, पोराच्या हाताला येईल अशा कडेला नाही. गरम तेल पण दिसायला गार तेलासारखंच असतं, ते तास-दीड तास गरम राहू शकतं.

भाजलं तर लगेच बांगड्या, अंगठी काढा, सूज आली की निघत नाहीत, आणि नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. वीस म्हणजे वीस, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, आमच्याकडं तर शाई लावणारे पण होते. फोड फोडायचा नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही. मग स्वच्छ सुती कापड सैल झाकून ठेवा. चेहरा, डोळा, हाताचा सांधा, किंवा तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, आणि लहान मूल असेल तर कितीही लहान दिसू दे, सरळ दवाखान्यात, रुग्णवाहिकेला १०८.

आता चिकटपणाचं. तेल उडून पडतं तो एक भाग, पण टाइल्सवर, डब्यांवर जो पिवळट थर बसतो तो वाफेबरोबर वर गेलेल्या बारीक तेलकणांचा आणि धुराचा. म्हणून धूर येईपर्यंत तेल तापवलं की घाण दुप्पट. एक्झॉस्ट फॅन तळायला सुरुवात करायच्या आधी लावा आणि नंतर पण दहा मिनिटं चालू ठेवा, समोरची खिडकी थोडी उघडी म्हणजे हवा ओढली जाईल. छताचा पंखा बंद, तो आच पण हलवतो आणि तेलाचा वास घरभर करतो. चिमणी असेल तर तिची जाळी आधी गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून भिजवून धुवा, तेल साठलेली जाळी स्वतःच पेटू शकते. गॅसच्या आजूबाजूला पेपर पसरायची पद्धत आहे, मला ती पटत नाही, बर्नरजवळ कागद म्हणजे काडीपेटीच. पसरायचा तर खाली फरशीवर पसरा, जिथं आपण उभं राहतो तिथं, कारण पायाला लागून तेल घरभर जातं ते तिथनंच.

तळलेलं काढताना झाऱ्यात धरून कढईवरच पाच-सात सेकंद निथळू द्या. मग परातीवर ठेवलेल्या चाळणीत काढा, पुऱ्या उभ्या लावा. वर्तमानपत्रावर काढू नका, शाई खाण्यात जाते, एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, पण त्याबद्दल सांगितलंय. साधा कोरा टिश्यू चालतो पण चाळणी त्याहून चांगली, खाली वाफ धरत नाही म्हणून माल कुरकुरीत राहतो.

पुसायचं कसं, तर आधी पाणी नाही. गॅस बंद, शेगडी कोमट होऊ द्या, मग कोरड्या पेपरनं किंवा जुन्या सुती कापडानं तेल उचलून घ्या, जिथं जाड सांडलंय तिथं तांदळाची पिठी किंवा शिळं बेसन भुरभुरवा, ते तेल शोषतं, मग गोळा करून टाका. त्यानंतरच गरम पाणी आणि भांड्याचा साबण. आधीच ओलं फडकं फिरवलं की तेल फक्त पसरतं आणि मग आपण म्हणतो कितीही पुसलं तरी चिकटच. टाइल्सवर जुना थर असेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात, हातमोजे घालून, पण तो ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावू नका, काळं पडतं. फरशीवर गरम तेल सांडलं तर पाय न देता गार होऊ द्या आणि मग पीठ टाका.

उरलेलं तेल. गार झालं की पातळ सुती कापडानं गाळा, तळाचा गाळ टाकून द्या. स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, उजेडापासनं लांब. तांब्या-पितळेत ठेवू नका, तेल लवकर खराब होतं. चार-सहा दिवसांत भाजी-फोडणीला संपवा, आणि ताज्या तेलात मिसळून वाढवत बसू नका. काळपट झालं, दाटसर झालं, तापताच फेस येतो, आधीपेक्षा लवकर धूर सोडतं, खवट वास येतो, यातलं काहीही दिसलं की ते संपलं. आमच्यासारख्या व्यवसायवाल्यांना तर नियमच आहे, १ जुलै २०१८ पासून तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, ते मोजायचं यंत्र मिळतं. शिवाय वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची रुको नावाची योजना एफएसएसएआयनं त्याच वर्षी सुरू केली. घरात यंत्र कोण घेणार, पण एकच तेल तीनपेक्षा जास्त वेळा तापवू नये एवढं पाळा. सिंकमध्ये ओतू नका, साबणाशी आणि खरकट्याशी मिळून पाइपात गच्च थर होतो, आणि पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं की वरच्या मजल्यावरचे खालच्यांना दोष देतात. दुधाच्या रिकाम्या पिशवीत जुना पेपर कोंबा, त्यात गार तेल जिरवा, तोंड बांधून कचऱ्यात.

तेल कुठलं हे तुम्ही विचारलं नाही पण सासूबाई विचारतील. लाकडी घाण्याचं शेंगतेल चवीला उत्तमच, आपल्या भागात मिळतं पण चांगलं, पण न गाळलेलं-न शुद्ध केलेलं तेल १६० डिग्रीच्या आसपासच धुरायला लागतं आणि फेस पण करतं. म्हणून मंद आचेच्या मालाला ते चालतं, पुरी-पापडाला रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूल घ्या. सगळं घाण्याच्याच तेलात झालं पाहिजे असा हट्ट असेल तर पुऱ्या जरा कमी तेजीत तळा.

एअर फ्रायर वाईट नाही पण तो तळत नाही, गरम हवेनं भाजतो. समोसा, कटलेट, फ्रोजन माल, बटाट्याचे काप छान होतात. ओल्या पिठाची भजी त्यात टाकली की पीठ जाळीतनं गळतं. पुरी तेलातल्यासारखी फुगत नाही, अनारसे तर विचारूच नका. वर्षातनं चार वेळा तळणार असाल तर तेवढ्या पैशात चांगली लोखंडी कढई, जाळी, थर्मामीटर आणि वर तेलाचा डबा येतो, हे माझं मत. रोज पोराला काहीतरी कुरकुरीत करून द्यायचं असेल तर जरूर घ्या.

आता तुमच्या आखाडाचा क्रम सांगतो. आदल्या रात्री कढई, झारा, सोऱ्या धुऊन पुसून कोरडे करून ठेवा. सकाळी आधी कापण्या. गूळ कमी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळातला कचरा तेलात जळतो. पिठाला गरम तेलाचं मोहन, पीठ घट्ट, खसखस किंवा तीळ लावला की लाटण्यानं दाबून बसवा, सुटे दाणे तेलात गळले की करपून पुढच्या घाण्याला चिकटतात. तेल मध्यमच्या खाली, गोळी सावकाश वर येईल असं. गुळामुळं रंग पटकन चढतो आणि बाहेर काढल्यावर पण थोडा वाढतो, म्हणून हव्या त्या रंगाच्या जरा आधीच काढा. सगळ्या कापण्या झाल्या की गॅस बंद, चुरा झाऱ्यानं आणि बारीक चाळणीनं काढा, तेल कमी झालं असेल तर आताच घाला, गरम असताना वरनं ओतू नका, थोडं निवू द्या. मग परत तापवून तिखट पुऱ्या. उलटं केलं तर कापण्यांना हळद-तिखटाचा वास लागतो, आणि कडक तेल निवायची वाट बघत बसावं लागतं ते वेगळंच. पुऱ्या लाटायला सासूबाईंना बसवा, तळायला तुम्ही उभ्या राहा, एकटीनं लाटणं आणि तळणं दोन्ही करायला गेलात की लक्ष कढईवरनं उडतं. पहिल्या दोन पुऱ्या लहान लाटून सोडा, अंदाज आला की मग मोठ्या.